बारा वाती : एक जुनं डिझेल इंजिन धुळ्याहून भुसावळला ओढत नेण्याचं प्रकरण

इंजिन होतं डब्ल्यूडीएम-२. रेल्वेने बाद केलेलं, मग धुळ्याच्या बाजूच्या एका खासगी सायडिंगसाठी विकत घेतलेलं, आणि तिथेही काम संपल्यावर कित्येक पावसाळे उघड्यावर उभं असलेलं. ते जतन करायचं ठरलं आणि त्यासाठी आधी ते भुसावळला आणायचं होतं. धुळे ते चाळीसगाव ही शाखा साधारण ५६ किलोमीटर, पुढे मुख्य मार्गाने चाळीसगाव ते भुसावळ सुमारे ११७. म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर, आणि ते स्वतःच्या चाकांवर. रस्त्याने न्यायचा विचार झाला होता. पण इंजिनाचं वजन ११२.८ टन. बोगी वेगळ्या करणं, क्रेन लावणं, वाटेतले पूल तपासणं हे सगळं धरलं तर रुळावरून नेणंच शहाणपणाचं होतं.

या इंजिनाबद्दल मला जिव्हाळा आहे, तो लपवणार नाही. अमेरिकेच्या अल्को कंपनीचा हा आराखडा १९६२ मध्ये आपल्याकडे आला आणि जानेवारी १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ही इंजिनं बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, सहा आस आणि प्रत्येक आसावर एक मोटर. आमच्या पिढीने काम शिकलं ते यांच्याच पोटात शिरून. आता खान्देशातल्या या मार्गांवर विजेच्या तारा आल्या आहेत आणि अल्कोचा तो घोगरा आवाज क्वचितच कानी पडतो. हे इंजिन भंगारात जाऊ नये असं मनापासून वाटत होतं, म्हणून त्याच्यासोबत एस्कॉर्ट, म्हणजे वाटेत त्याची देखरेख करणारा माणूस, म्हणून जायची जबाबदारी मी घेतली.

पुढे जे घडलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण बंद इंजिन ओढणं हे काम वरवर फार सोपं वाटतं. कपलर जोडा, होज (ब्रेकच्या हवेची नळी) जोडा, निघा. कंट्रोलपासून (गाड्यांची वाहतूक सांभाळणारं कार्यालय) पॉइंट्समनपर्यंत बहुतेकांच्या मनात बंद इंजिन म्हणजे एक जड वॅगन. पण वॅगनमध्ये फिरतात फक्त चाकं. इथे चाकांसोबत आणखी बरंच काही फिरतं, आणि ज्याने फिरायला हवं ते फिरत नाही.

काय फिरतं, काय थांबलेलं असतं

इंजिन ओढलं की आतलं डिझेल इंजिनही गरगर फिरत असेल, असं पुष्कळांना वाटतं. मोटरसायकल ढकलून चालू करतात तसं. तसं होत नाही. डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज केबलमधून मोटरींना जाते आणि मोटरी चाकं फिरवतात. चाकं आणि डिझेल इंजिन यांच्यात लोखंडी दांडा कुठेच नाही, आहेत त्या फक्त तारा. म्हणून ओढताना क्रँकशाफ्ट जागचा हलत नाही. त्याच्यावर चालणारा एअर कॉम्प्रेसरही बंदच. बंद इंजिनाकडे स्वतःची हवा नसते. ब्रेकसाठी जी हवा लागेल ती पुढच्या चालू इंजिनाकडूनच घ्यावी लागते.

मोटरी मात्र फिरतात. प्रत्येक मोटर दातेरी चाकांनी आपल्या आसाला कायमची जोडलेली असते, ६५ दात आसावर आणि १८ दात मोटरीच्या पिनियनवर, म्हणजे छोट्या दातेरी चाकावर. नव्या चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर धरून ताशी ६० किलोमीटरला हिशेब करा. चाक मिनिटाला साधारण २९० फेरे घेतं, तर आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा गाभा, हजाराच्या वर. वर्षानुवर्षं पाणी-धूळ खात पडलेली मोटर, आतलं ग्रीस साबणासारखं घट्ट झालेलं, आणि तिला एकदम हजार फेरे. ताशी ३० ला हाच आकडा सव्वापाचशेच्या आसपास येतो. शाखेवर वेगमर्यादा ३० ठेवायची हे याच हिशेबावर ठरलं.

आता या प्रकरणाचा गाभा. मोटरीचं वजन पेलतं कोण? तिची एक बाजू बोगीच्या चौकटीवर टेकलेली असते. दुसरी बाजू थेट आसावर बसते, दोन सस्पेन्शन बेअरिंगांच्या आधाराने. जुन्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये ही बेअरिंगं साधी, म्हणजे धातूच्या दोन अर्धगोल वाट्या. गोळ्या नाहीत, रोलर नाहीत. वाटी आणि आस यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा हवा, आणि तो टिकवायचं काम एका नमद्याच्या वातीचं. वातीचा खालचा भाग तेलाच्या कुंडीत बुडालेला असतो आणि वरचं टोक स्प्रिंगच्या दाबाने बेअरिंगच्या खिडकीतून आसाला टेकलेलं असतं. दिव्याची वात तेल वर खेचते तशीच ही. एका मोटरीला दोन, सहा मोटरींना बारा वाती. इंजिन बंद असो की चालू, आस फिरला की या बाराही वातींना काम करावंच लागतं.

सायडिंगमधले आठ दिवस

आमच्या टोळीत भुसावळचे एक निवृत्त मिस्त्री होते, सगळे त्यांना आबा म्हणत. दोन फिटर होते आणि धुळे तालुक्यातला एक तरुण खलाशी, म्हणजे रेल्वेच्या भाषेत मदतनीस. जानेवारी मुद्दाम निवडला होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. बेअरिंग खरंच तापलंय की उन्हाने लोखंड तापलंय हेच तेव्हा कळत नाही.

चाकांचं आणि आसांचं काम नीट झालं. चाकांचे फ्लँज मापले, दोन चाकांमधलं अंतर पाहिलं, आसांची अल्ट्रासॉनिक तपासणी करून घेतली. कपलरचा जबडा आणि पिन स्वच्छ करून हलवून पाहिली. हुडच्या बाजूचे दरवाजे हा मला नेहमीच चिंतेचा विषय वाटतो. गंजलेल्या कडीचा एखादा दरवाजा वाटेत उघडला आणि शेजारच्या रुळावरून एक्स्प्रेस जात असली, तर काय होईल ते सांगायची गरज नाही. एकूण एक दरवाजा बोल्टने आवळला, जिथे बोल्ट धरत नव्हता तिथे जाड तारेचे वेढे दिले. छपरावरचे सैल पत्रे सायडिंगमध्येच काढून घेतले, कारण पुढे सगळीकडे डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असणार होती आणि तिच्याखाली छपरावर चढायला कुणालाही परवानगी नव्हती.

बॅटऱ्या उतरवल्या, टाकीतलं उरलंसुरलं डिझेल काढलं.

रिव्हर्सरकडे, म्हणजे इंजिनाची दिशा बदलणाऱ्या स्विचकडे, थोडं थांबायला हवं. आर्मेचर फिरतं आणि मोटरीच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, म्हणजे मोटर मनात आणलं तर जनरेटर होऊ शकते. वीज वाहायला वाट मिळाली तर मोटरी एकमेकींत प्रवाह फिरवतात, चाकांना अडवतात आणि आतल्या आत जळतात. आमच्या इंजिनाचा रिव्हर्सर 'फॉरवर्ड'मध्येच अडकून पडला होता, कारण तो हलवायला हवा लागते आणि हवा नव्हतीच. कॅबमधलं हँडल काढून खिशात घातलं की काम झालं असं काही जण समजतात. हँडल काढल्याने आतला ड्रम हलत नाही. आम्ही कपाट उघडलं, ड्रम हाताने मधोमध आणून तिथेच अडकवला, मोटरींचे कॉन्टॅक्टर उघडे असल्याचं डोळ्यांनी पाहिलं आणि वर सहाही मोटरींचे कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या आर्मेचरला टेकून वीज नेणारे कार्बनचे ठोकळे, उचलून ठेवले. ब्रशच टेकलेले नसले की वीज तयार होऊन जायला वाटच उरत नाही, आणि ते जिथे टेकतात तो आर्मेचरवरचा तांब्याचा कॉम्युटेटरही विनाकारण घासला जात नाही.

मग बेअरिंगं. कुंड्यांचे तळाचे प्लग उघडले तेव्हा आधी पाणी आलं, मग दुधाळ चिखल, आणि मग कुठे तेल. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि वातीचं टोकही नेमकं तळाशीच असतं. वर तेलाची पातळी छान दिसते आणि वात मात्र पाणी पीत असते. सगळ्या कुंड्या धुतल्या. नव्या वाती रात्रभर तेलात भिजत घातल्या, कारण कोरडी वात बसवली तर ती स्वतः भिजेपर्यंत आस कोरडाच फिरतो. गिअर केसमध्ये कार्डियम कंपाउंड, म्हणजे दातेरी चाकांचं घट्ट वंगण, भरलं.

अकरा झाकणं उघडली. बारावं, म्हणजे चौथ्या मोटरीचं पिनियनच्या बाजूचं, उघडेना. बोल्ट गंजून एकजीव झाला होता आणि डोकं गोल झालेलं. संध्याकाळ झाली होती, मार्ग दुसऱ्या दिवशी सकाळचा मिळाला होता. तेल घालायच्या भोकातून सळई घालून पातळी पाहिली, ती बरोबर होती. तळाचा प्लग उघडून पाणी काढलं, तेल बदललं. वात मात्र जुनीच राहिली आणि ती आसाला टेकली आहे की नाही हे कुणी पाहिलं नाही. ज्या कामगारांनी ही बाजू केली त्यांनी तक्त्यात 'तेल ठीक' लिहिलं. खाली सही माझी होती. मला झाकणाबद्दल सांगितलं गेलं होतं आणि तेल बरोबर आहे यावर मी समाधान मानलं. या प्रकरणातली मूळ चूक ही, आणि ती माझी.

ब्रेकचा प्रश्न

सकाळी चालू डिझेल इंजिन आलं, जोडलं, होज लावले. बंद इंजिनाचे ब्रेक चालू ठेवायचे असतील तर एमयू-२बी व्हॉल्व्ह ट्रेलमध्ये, ए-९ आणि एसए-९ (गाडीच्या आणि इंजिनाच्या ब्रेकची हँडलं) रिलीजमध्ये आणि डेड इंजिन कॉक उघडा, म्हणजे पुढच्या गाडीच्या ब्रेक पाइपमधली हवा हळूहळू मुख्य टाकीत भरते आणि ब्रेक लावल्यावर तीच ब्रेक सिलिंडरला जाते. आमचं इंजिन मूळचं व्हॅक्यूमचं असलं तरी नंतर त्याला हवेच्या ब्रेकची सोय झालेली होती. म्हणून आधी हेच करून पाहिलं.

ब्रेक पाइपमध्ये ५ किलोचा दाब हवा. कॉक उघडला आणि काटा पाचवर येईनाच, चारच्या वर घुटमळत राहिला. मुख्य टाक्यांच्या खालून बारीक सुस्कारा ऐकू येत होता, आणि साबणाचं पाणी लावल्यावर दोन ब्रेक सिलिंडरांवरही फुगे आले. कॉक बंद करताच काटा पाचवर जाऊन स्थिर. मालगाडीला मिनिटाला ०.२५ किलोपर्यंत गळती चालते. कॉक उघडा ठेवला तर आपण त्याच्या कितीतरी पुढे होतो.

इथे एक मोह होतो. थोडी गळती आहे, पुढचं इंजिन भरून काढेल, जाऊ द्या. पण गळक्या टाकीने ब्रेक पाइपचा दाब खाली आणला की मागच्या वॅगनचे ब्रेक त्याला 'ब्रेक लावा' असाच हुकूम समजतात. वाटेत ब्रेक धरतात, चाकं तापतात, आणि कारण शोधत माणसं भलतीकडेच फिरतात. म्हणून बंद इंजिनाचे ब्रेक पूर्ण तोडायचे ठरवलं. डेड इंजिन कॉक बंद, ब्रेक सिलिंडरला हवा देणारा डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह आयसोलेट, सिलिंडर रिकामे, आणि ब्रेक पाइप फक्त आरपार जाऊ द्यायचा. मग प्रत्येक ब्रेक ब्लॉक पहारीने हलवून पाहिला. तीन ब्लॉक गंजाने चाकाला चिकटले होते, ते सुटे केले. हँडब्रेक पूर्ण सोडला.

आता ११२ टनांचं धूड विनाब्रेकचं झालं. ते गाडीच्या शेवटी जोडलं आणि कपलर सुटला तर थांबवायला फक्त हँडब्रेक, आणि तोही काही चाकांपुरताच. पुढे चाळीसगावपासून भुसावळकडे जमीन तापीच्या दिशेने उतरत जाते, हेही डोक्यात होतं. म्हणून क्रम असा लावला : चालू इंजिन, त्याला लागून बंद इंजिन, मागे चांगल्या ब्रेकच्या सहा रिकाम्या बॉक्सएन (उघड्या माल) वॅगन आणि शेवटी ब्रेक व्हॅन. रिकामी बॉक्सएन साधारण साडेबावीस टनांची, म्हणजे मागे दीडशे टनांच्या आसपास ब्रेकवालं वजन. मधलं कुठलंही जोड तुटलं तर होज तुटतो, हवा जाते आणि मागचे ब्रेक आपोआप लागतात. बंद इंजिन एका ना एका बाजूने धरलेलं राहतं. वॅगन मिळवायला अर्धा दिवस गेला आणि त्यावरून थोडी कुरबूर झाली. तो अर्धा दिवस मी पुन्हाही घालवीन.

शिरूड

शेवटी निघालो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. सायडिंगच्या आतच आधी शंभर मीटर, चालण्याच्या वेगाने. इतकी वर्षं एका जागी उभ्या असलेल्या आसाखालून तेल कधीच निथळून गेलेलं असतं, पहिले काही फेरे कोरडेच पडतात. थांबून बाराही ठिकाणी हात लावला. मग शाखेवर पाच किलोमीटर, पुन्हा थांबा. सगळं थंड होतं. मग बोरविहीर. तिथे चौथ्या मोटरीचं पिनियनकडचं टोपण इतरांपेक्षा किंचित कोमट लागलं. मी ते वहीत लिहिलं, पण थांबलो नाही.

शिरूडला गाडी उभी राहिली, चाकांना लाकडी गुटके लावले आणि आम्ही दोन्ही बाजूंनी खाली वाकलो. माझ्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर होतं. चौथ्या मोटरीवर नेम धरला, आकडा आला ३४ अंश. बरं वाटलं. एवढ्यात पलीकडून तो तरुण खलाशी ओरडला, "भाऊ, हाई तपी ऱ्हायनं!"

आबा माझ्याआधी पोचले. त्यांनी तळव्याची पाठ टोपणाला लावली आणि लगेच मागे घेतली. "हात लावून पाह्य भो. त्या यंत्राचं नको सांगू मला."

मी हात लावला. मनात पाचपर्यंत मोजेपर्यंतही तो टिकला नाही. थर्मामीटर पुन्हा धरलं तेव्हा माझा नेम कुठे जात होता ते दिसलं. टोपणाच्या कडेला आसाचा घासून चकचकीत झालेला पट्टा होता, आणि मी त्यावरचा आकडा वाचत होतो. चकाकणाऱ्या धातूवर हे यंत्र खोटं बोलतं, खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. रंग लावलेल्या, काजळी धरलेल्या भागावर नेम धरला आणि आकडा आला ६८. शेजारची पाच टोपणं त्याच प्रकारे मोजली, सगळी ३६ ते ४० च्या मध्ये. बाहेरच्या हवेचं तापमान होतं २४. नुसतं ६८ पाहिलं तर फार वाटत नाही. पण सारखं काम करणाऱ्या भावंडांपैकी एकच जण तीस अंशांनी पुढे गेला आहे, ही गोष्ट त्या आकड्यापेक्षा मोठी.

तापलेल्या बेअरिंगवर पाणी ओतायचा विचार एका फिटरच्या मनात आला आणि त्याने बाटली उचललीही. आबांनी त्याचा हात धरला. गरम आसावर एकदम गार पाणी पडलं की पोलादाला तडा जाऊ शकतो, आणि तो तडा त्या दिवशी दिसत नाही. तो पुढे कधीतरी, कुणाच्या तरी गाडीखाली उघडतो. बेअरिंग आपणहून निवू द्यायचं, दुसरा उपाय नाही.

कंट्रोलचा फोन आला. दोन पॅसेंजरांच्या मधल्या वेळेत आम्हाला सोडलेलं होतं, वेळ संपत आली होती. पलीकडच्या माणसाचंही चूक नव्हतं, त्याच्यासमोर त्याची गाडी होती. "हळूहळू चाळीसगावपर्यंत आणता येईल का? तिथे बघा ना साहेब." पुढे गिरणा ओलांडायची होती. कोरडं पडलेलं बेअरिंग आसाला धरतं तेव्हा आधी धूर, मग वास, मग आस अडतो किंवा मोडतो. ते पुलावर घडलं तर सोडवायला माणूसही नीट पोचणार नाही. मी सांगितलं, कारण सापडेपर्यंत गाडी इथून हलणार नाही, आणि तसं लिहून घ्या. एस्कॉर्टला हा अधिकार असतो आणि तो वापरायची वेळ आली की आवाज खाली आणायचा नसतो. त्यांनी लिहून घेतलं, पॅसेंजरला पुढच्या स्टेशनात थांबवलं. सव्वा तास लोकांची खोटी झाली, त्याबद्दल मला वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

आता तो बोल्ट. सायडिंगमध्ये त्या संध्याकाळी जो उघडत नव्हता तो आज उघडायलाच हवा होता. गोल झालेल्या डोक्यावर छिन्नी तिरपी धरून आबांनी हातोडीचे नेमके घाव घातले. जोर नव्हता, फक्त ठेका होता. पंचविसाव्या-तिसाव्या घावाला बोल्टने कच खाल्ली. पाऊण तास. त्या संध्याकाळी आमच्याकडे पाऊण तास नक्की होता.

झाकण उघडलं. कुंडीत तेल काठोकाठ, सोनेरी, स्वच्छ. आणि वात आसाला टेकलेलीच नव्हती. स्प्रिंगची पट्टी गंजून मागेच अडकली होती. वातीचं टोक आणि आस यांच्यात करंगळीचं नख जाईल एवढी फट. वातीचा माथा काळा, कडक, चामड्यासारखा. तेलात पाय बुडवून बसलेली, पण आसाला एक थेंबही न देणारी वात. सगळे काही क्षण गप्प होतो.

पुढे काय करायचं

पर्याय उघडपणे बोललो. एका फिटरचं म्हणणं, चौथ्या मोटरीचा पिनियन काढून टाकू, मोटर सुटी झाली की प्रश्न संपला. हा गैरसमज मी पुष्कळ जाणत्या माणसांतही पाहिला आहे, म्हणून इथे नोंदवतो. आर्मेचरचं बेअरिंग अडलं असेल तर पिनियन कापणं हा बरोबर उपाय, कारण मग आस मोटरीला फिरवत नाही. पण सस्पेन्शन बेअरिंग पिनियनवर अवलंबून नाही. पिनियन असो-नसो, मोटर आसावर बसलेलीच राहते आणि आस त्या वाट्यांमध्ये फिरतच राहतो. आमच्या दुखण्याला त्या औषधाचा काही उपयोग नव्हता. मोटर खाली उतरवायची तर खड्डा आणि जॅक हवेत, ते शिरूडला नव्हतं.

मग राहिलं एकच. बेअरिंगला किती इजा झाली ते पाहणं आणि त्यावर ठरवणं. आस निवल्यावर खिडकीतून बोट घालून पृष्ठभाग चाचपला. ओरखडे पडले असतील तर नखाला अडतात. नख सरळ सरकलं. कुंडीचा प्लग उघडून तेल पांढऱ्या फडक्यावर घेतलं आणि उन्हात धरलं. दोन-तीन बारीक चमकणाऱ्या कण्या होत्या, जास्त नाहीत. म्हणजे बेअरिंग घासायला लागलं होतं, पण फाटलं नव्हतं. बोरविहीरला कोमट लागलं तेव्हाच थांबलो असतो तर त्याही नसत्या. आणि शिरूडला त्या ३४ वर विश्वास ठेवला असता तर काय, हा विचार मी मुद्दाम पूर्ण करत नाही.

स्प्रिंगची पट्टी घासून मोकळी केली, दहा वेळा दाबून सोडून पाहिली. सुटे भाग म्हणून दोन भिजवलेल्या वाती डब्यात घेतल्या होत्या, त्यातली एक बसवली. खिडकीतून हाताने आसावर तेल ओतलं. मग गाडी दहा मीटर पुढे घ्यायला लावली आणि झाकण उघडंच ठेवून पाहिलं : आसावर तेलाची ओली, सलग चकाकी उमटली. त्यानंतरच झाकण लावलं.

चाळीसगावपर्यंत ताशी १५ ची मर्यादा मी लिहून दिली आणि प्रत्येक स्टेशनात थांबा. गिरणेच्या पुलाआधी मुद्दाम एकदा उतरून हात लावला. ४४. चाळीसगावला ४१.

मुख्य मार्ग

ती रात्र चाळीसगावात काढली. आबांच्या घरून आलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा सगळ्यांनी मिळून खाल्ला, पण झोपायच्या आधी टॉर्च घेऊन मी उरलेल्या अकरा झाकणांकडे पुन्हा गेलो. यावेळी पातळी पाहिली नाही. प्रत्येक वात बोटाने मागे दाबली आणि सोडली, ती स्वतःहून आसावर येऊन बसते का ते पाहिलं. अकराही ठीक होत्या. सकाळी चौथ्या मोटरीचं तेल पुन्हा फडक्यावर घेतलं, नव्या कण्या नव्हत्या.

पुढचा प्रवास लवकर सांगण्यासारखा आहे, आणि असाच असायला हवा. ताशी २५, दिवसाउजेडी. मुख्य मार्गावर गाड्यांची वर्दळ, म्हणून कंट्रोलशी आधीच ठरवून घेतलं की आम्हाला बाजूला घेतील तिथेच आमची तपासणी करू, वेगळा वेळ मागणार नाही. कजगाव, नगरदेवळा, पाचोरा. पाचोऱ्याला जामनेरच्या छोट्या गाडीची आठवण निघाली. म्हसावद, शिरसोली, जळगाव. जळगावला आकडा ४२ आणि शेजाऱ्यांचा ३९. भादलीच्या पुढे वाघूर ओलांडली. भुसावळच्या यार्डात शिरलो तेव्हा दिवे लागले होते.

महिनाभराने चौथी मोटर उतरवली. पिनियनच्या बाजूच्या वाटीत अंगठ्याएवढा पट्टा घासून आरशासारखा झालेला होता. आसाची पुन्हा अल्ट्रासॉनिक तपासणी झाली, तडा नाही. वाट्या बदलल्या, आस तोच ठेवला.

तपासणीचा जो तक्ता आम्ही वापरत होतो त्यात सस्पेन्शन बेअरिंगासाठी एकच रकाना होता, 'तेल पातळी'. तो खोडून मी बारा ओळी आखल्या. प्रत्येक ओळीत मोटरीचा क्रमांक, बाजू, आणि 'वात दाबून सोडली, आसावर परत आली' एवढंच वाक्य, त्यापुढे ज्याने बोट लावलं त्याची सही. झाकण उघडलं नाही तर ती ओळ कोरी राहते, आणि एकही ओळ कोरी असेल तर खाली माझी सही होत नाही.